श्यामच्या मुलखातून जपानपर्यंत

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर मराठा पलटणीने हल्ला चढवला. कंपनीचा निरोप्या असलेल्या नामदेव जाधव या शिपायाने मशिनगनच्या माऱ्यातून एका जखमी साथीदाराला पाठीवर घेतले, पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणले, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तीच वाट धरली. नंतर तो एकट्याने मशिनगनच्या मोर्च्यांवर चालून गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव नगर जिल्ह्यातला. त्याची पलटण म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जुन्या लोकांच्या तोंडी ‘जंगी पलटण’. मराठा पलटणींत घाटावरचे मराठे असत, तसे कोकणी मराठेही असत. महिन्याभरात युरोपातली लढाई संपली. ही पलटण ज्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, ती इटलीतून आधी परत आणायचे ठरले, कारण पुढची आघाडी जपानची होती. म्हणजे इटलीच्या चिखलातून जिवानिशी सुटलेल्या पोरांना घरची वाट जवळ आली असे वाटत असतानाच आणखी एका युद्धाची तयारी करायची होती.

यातली कोकणी पोरे कुठल्या मुलखातून आली होती, ते मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलाचे बालपण आपण पुस्तकातून जगलो आहोत. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि पाच दिवसांत तिचा मोठा भाग हातावेगळा केला. दापोली तालुक्यातले पालगड, कर्जाने खचत चाललेले खोतांचे घर, आणि पोहायला घाबरून लपून बसलेल्या मुलाला मारून विहिरीवर धाडणारी आई. तीच आई म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यायला त्याच मुलाला पाठवते. आंघोळ झाल्यावर श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून ती आपले लुगडे दगडावर पसरते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे त्याला सांगते. बेचाळीस रात्रींच्या या पुस्तकाने तीन पिढ्यांना रडवले. अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट केला आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

त्याच्या आधीचा मुलगा केशवसुतांचा. कृष्णाजी केशव दामले १८६६ मध्ये मालगुंडला जन्मले, पुढे दापोलीजवळच्या वळण्यात वाढले, आणि शिक्षणासाठी व पोटासाठी बडोदा, नागपूर, पुणे, मुंबई असे वणवण फिरत राहिले. गाव सुटल्यावर त्यांनी गावावर आणि गावाकडून येणाऱ्या वाऱ्यावर कविता लिहिल्या. मागे राहिलेले लहानपण एवढ्या मोकळेपणाने आठवणारा आधुनिक मराठीतला हा पहिला मोठा कवी, असे मला वाटते. १९०५ मध्ये हुबळीत प्लेगने ते गेले. वय अवघे एकोणचाळीस.

या दोन्ही मुलांचे घराबाहेर पडणे एकाच दिशेचे आहे: शाळा, मग शहर, मग पुस्तक. त्याच तालुक्यांतून दुसरीही एक वाट जात होती, आणि ती लष्करात जात होती. दापोलीला आजही जुनी माणसे ‘कॅम्प’ म्हणतात, कारण तिथे कंपनीच्या काळात छावणी होती आणि नंतर पेन्शनर शिपायांची वस्ती राहिली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर १८९४ च्या सुमारास दापोलीत येऊन राहिले. धाकटा भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा तीन-चार वर्षांचा होता. गोपाळबाबा वलंगकर हेही पेन्शनर, तेही दापोलीतच राहिलेले. महारांची लष्करभरती सरकारने बंद केली, तेव्हा त्यांनी इथूनच सरकारकडे अर्ज लिहिला. श्याम ज्या दापोलीच्या इंग्रजी शाळेत शिकला, त्या गावातला बाजार या पेन्शनरांच्या मनिऑर्डरींवरही चाले.

श्यामची आई गेली ती नोव्हेंबर १९१७ मध्ये, श्याम दूर शिकत असताना. शेवटच्या भेटीला तो पोचू शकला नाही. तेव्हा पहिले महायुद्ध ऐन भरात होते. जंगी पलटण तेव्हा १०३ वी मराठा म्हणून ओळखली जाई. त्याआधीच मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर ती कूतच्या वेढ्यात अडकली होती. पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली, आणि त्यांतली कितीतरी वाळवंटातल्या कैदेत मेली. मराठ्यांच्या आणखीही पलटणी तिथे होत्या. पालगडच्या त्या घरात श्यामची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्याच पंचक्रोशीतल्या काही घरांत पत्र येणे थांबले होते. ‘श्यामची आई’ घराच्या अंगणाबाहेर फारशी जात नाही, आणि जायला हवी होती असा माझा आग्रहही नाही. पण तिच्या शेजारी ठेवायचे दुसरे पुस्तक आपल्याकडे झाले नाही. कोकणातला शिपाई झालेला मुलगा गाजलेल्या मराठी बालपणांत दिसत नाही, याची मला खंत वाटते.

दुसऱ्या महायुद्धात तर कोकणातल्या घराघरात लढाई शिरली, आणि ती शिरली ती तांदळाच्या वाटेने. रत्नागिरी जिल्ह्याचा भात कधीच वर्षभर पुरत नसे. उरलेले महिने नाचणी, वरी, आणि बाहेरून आलेल्या तांदळावर निघत. त्यात मोठा वाटा ब्रह्मदेशच्या तांदळाचा. ज्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी तीस वर्षे रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले आणि १९१६ मध्ये इथेच पुरले, त्याच्याच देशातला तांदूळ रत्नागिरीच्या ताटात होता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो तांदूळ बंद झाला. मुंबईवर बॉम्ब पडतील या धास्तीने चाकरमानी बायकामुलांना गावी आणून सोडू लागले. खाणारी तोंडे वाढली आणि धान्य आटले. रेशनचा जाडाभरडा तांदूळ, रॉकेलची टंचाई, आणि पोस्टमनची वाट. पोस्टमनच्या पिशवीत मुंबईच्या गिरणीतून आलेली मनिऑर्डर असे किंवा इटलीतून, आफ्रिकेतून आलेले सेन्सॉरच्या शिक्क्याचे पत्र. बहुतेक आयांना ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. शाळेत जाणारी पोरेच गावची वाचक झाली. आठ-दहा वर्षांच्या मुलाने शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलाचे रणांगणावरून आलेले पत्र वाचून दाखवायचे, हेही एक बालपणच होते.

आता हिरोशिमा. ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ, सव्वाआठ. विमानाने टाकलेल्या युरेनियमच्या त्या बॉम्बचे नाव ‘लिटल बॉय’ होते. शहरावर साधारण सहाशे मीटर उंचीवर तो फुटला, पंधरा हजार टन टीएनटीच्या जोराने. वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा अंदाज १ लाख ४० हजारांचा आहे. यात मुले इतकी का होती, याचे कारण फारसे सांगितले जात नाही. हवाई हल्ल्याची आग पसरू नये म्हणून जपान सरकार शहरातली लाकडी घरे पाडून रुंद मोकळे पट्टे तयार करत होते. मोठी माणसे सैन्यात आणि कारखान्यांत गेलेली, म्हणून हे काम शाळेतल्या मुलांवर सोपवले होते. माध्यमिक शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गातली, बारा-तेरा वर्षांची मुले-मुली त्या सकाळी उघड्यावर कौले आणि वासे वाहून नेत होती. घरे पाडण्याच्या कामावर त्या दिवशी आठ हजारांहून जास्त विद्यार्थी होते, आणि त्यांतले सहा हजारांच्या आसपास मेले. पोरांना मोकळ्या जागेत एकत्र आणल्यामुळे त्यांच्या आणि त्या उजेडाच्या मध्ये भिंतसुद्धा उरली नव्हती.

हिरोशिमाच्या संग्रहालयात अशाच एका मुलाचा जेवणाचा डबा आहे. पहिल्या वर्गातला मुलगा. त्याची आई तीन दिवस शोधत राहिली आणि ९ ऑगस्टच्या पहाटे तिला तो सापडला, डबा पोटाशी धरून वाकलेला. डब्यात तांदूळ, जव आणि सोयाबीन मिसळून शिजवलेला भात होता. तांदूळ अपुरा म्हणून जव आणि सोयाबीन घातलेले. आत तो जळून कोळसा झालेला आहे आणि डब्याचे झाकण वाकडे झाले आहे. निव्वळ भात देता येत नाही म्हणून वरीत थोडा तांदूळ मिसळणारी आई मालगुंडातही होती आणि पालगडातही. त्या डब्यासमोर श्यामची आई आठवल्याशिवाय मला राहवत नाही. मुलाच्या पायाला माती लागू नये म्हणून लुगडे पसरणाऱ्या आईच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला हिरोशिमातली ही आई परकी वाटणार नाही.

त्या वर्षी दिव्यांची अवस नेमकी हिरोशिमा आणि नागासाकीवरच्या दोन बॉम्बच्या मधल्या दिवसांत आली. आषाढ सरत होता. कोकणात लावणी उरकलेली, पाऊस धो धो. अवसेला घरोघरी समया आणि निरांजने घासून, पाटावर मांडून लावतात आणि घरातल्या मुलांना ओवाळतात. रॉकेल आणि तेल मोजून मिळत असतानाही ज्या घरांना जमले, त्यांनी ते केले असणार. ९ ऑगस्टला नागासाकीवर प्लुटोनियमचा दुसरा बॉम्ब पडला. तिथले मृत्यू वर्षअखेरीला सत्तर हजारांच्या घरात गेले. १५ ऑगस्टला जपानी सम्राटाचे भाषण रेडिओवर झाले आणि लढाई थांबली.

इथे सरळ बोलायला हवे. ब्रिटिशांचे सैन्य ९ सप्टेंबरला मलायाच्या किनाऱ्यावर उतरणार होते. त्यानंतर आणखी लढाया, आणखी बेटे. इटलीहून परतलेली मराठ्यांची पलटण त्या दिशेनेच निघालेली होती. त्या दोन बॉम्बमुळे युद्ध संपले की सोव्हिएत रशियाच्या युद्धात उतरण्यामुळे, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण कोकणातल्या घरांना त्या ऑगस्टमध्ये एवढेच कळले की पोर आता लढाईवर जाणार नाही. तो आनंद खरा होता आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. त्याच आठवड्यात हिरोशिमातल्या आया नदीकाठी प्रेते उलटून बघत होत्या, हेही तितकेच खरे आहे. या दोन गोष्टी एका वाक्यात लिहिताना माझा हात अडखळतो, पण त्या वेगळ्या केल्या तर त्या वर्षाचा इतिहास खोटा ठरतो.

पलटण जपानला गेलीच, पण लढायला नव्हे. १९४६ च्या वसंतात ब्रिटिश राष्ट्रकुलाचे ताबा सैन्य जपानात उतरले. ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, न्यूझीलंडचे आणि भारतीय, सगळे मिळून चाळीस हजारांच्या आत, त्यात भारतीय सुमारे दहा हजार. भारतीय तुकड्यांत २६८ वी ब्रिगेड होती: पंजाबी, गुरखा आणि जंगी पलटणीचे मराठे. पुढे तिचे नेतृत्व ब्रिगेडियर के. एस. थिमय्या यांच्याकडे आले, जे नंतर स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले. सैन्य उतरले ते कुरे बंदरात. कुरे हे हिरोशिमापासून सुमारे वीस किलोमीटरवर. बंदरात बुडालेली जहाजे वर माना काढून होती आणि आसपासच्या गावांतून घरे जळून गेली होती. भारतीय ब्रिगेडचा मुक्काम त्यापलीकडे, जपानच्या उत्तर किनाऱ्याच्या शिमाने आणि तोत्तोरी भागात होता.

तिथला समुद्रकिनारा आणि खेडी पाहून कोकणातल्या शिपायाला काय वाटले असेल, याची कल्पना मी अनेकदा केली आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतात. बांधांवर बांध रचून भातखाचरे केलेली. मच्छीमारांच्या होड्या, वाळत घातलेली मासळी, लाकडी घरे, पावसाची झड. रोजचे काम मात्र कंटाळवाणे होते. जपानी शस्त्रास्त्रांची कोठारे शोधून ती नष्ट करायची, काळ्या बाजारावर नजर ठेवायची, कोरियातून चोरून येणाऱ्या होड्या पकडायच्या, टोकियोत राजवाड्यावर पाळीने पहारा द्यायचा. स्थानिक लोकांशी मैत्री करू नये असा हुकूम होता. पण मुलांना हुकूम कळत नाहीत. ताबा सैन्याच्या छावणीभोवती खाऊसाठी जमणारी जपानी पोरे त्या वर्षांच्या छायाचित्रांत जागोजागी दिसतात. रजेवर आलेले सैनिक हिरोशिमा बघायलाही जात. जळून सपाट झालेल्या शहरात तेव्हा लोखंडी सांगाड्याचा एक घुमट उभा होता आणि राखेत पत्र्याच्या झोपड्या उगवू लागल्या होत्या.

मराठीत बोलणाऱ्या एवढ्या माणसांनी अण्वस्त्राचा परिणाम इतक्या जवळून पाहिला, तो हाच काळ. आणि हाच काळ हिरोशिमाबद्दल न बोलण्याचा होता. अमेरिकन ताबा प्रशासनाने सप्टेंबर १९४५ मध्येच छापखान्यांवर निर्बंध घातले आणि ते १९४९ पर्यंत टिकले. हारा तामिकी यांची हिरोशिमावरची कथा ‘नात्सु नो हाना’ १९४७ मध्ये आली, तीही मोठ्या नियतकालिकाने माघार घेतल्यावर एका छोट्या साहित्यिक मासिकात. तोगे सान्किची यांचा अणुबॉम्बवरचा कवितासंग्रह १९५१ चा. १९४७ च्या अखेरीपर्यंत भारतीय तुकड्या मायदेशी परतल्या. त्या परतल्या त्या फाळणीच्या धुमश्चक्रीत आणि काश्मीरच्या तोंडावर. जपानात काय पाहिले, हे विचारायला कुणाकडे वेळ नव्हता.

हिरोशिमाच्या मुलांना मात्र विचारणारा एक शिक्षक भेटला. ओसादा आराता हे हिरोशिमाचे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, पेस्टालॉझीचे अभ्यासक, आणि बॉम्बमध्ये स्वतः गंभीर जखमी झालेले. त्यांनी शाळाशाळांतून मुलांना त्या दिवसाबद्दल लिहायला सांगितले. निर्बंध उठल्यावर, १९५१ मध्ये, त्यांतले १०५ निबंध ‘गेनबाकु नो को’, म्हणजे अणुबॉम्बची मुले, या नावाने पुस्तकात आले. तेव्हा चार-पाच वर्षांची असलेली मुले आता दहा-अकरा वर्षांची झाली होती आणि आई कशी गेली, धाकटा भाऊ पाणी मागत कसा राहिला, हे शाळेच्या वहीच्या भाषेत लिहीत होती. पुढच्याच वर्षी शिंदो कानेतो यांनी त्यावर चित्रपट केला. १९७३ पासून नाकाझावा केइजी यांनी ‘हादाशी नो गेन’ ही चित्रकथा मुलांच्या साप्ताहिकात सुरू केली. स्फोट झाला तेव्हा सहा वर्षांचा केइजी शाळेच्या फाटकाच्या काँक्रीटच्या भिंतीआड होता, म्हणून वाचला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घरात जळाले. त्याचा गेन रडतो, शिव्या देतो, चोरी करतो, आईसाठी तांदूळ मिळवतो. जपानी साहित्यातला तो पहिला धीट, भुकेला बॉम्बग्रस्त मुलगा नसेल, पण सर्वांत जास्त वाचला गेलेला नक्कीच आहे.

ओसादांचे पुस्तक आले त्याच्या वर्षभर आधी, ११ जून १९५० रोजी, साने गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. दोघेही पेशाने शिक्षक. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे मुलांबरोबर राहिले होते. त्यांनी ‘साधना’ सुरू केले, भाषाभाषांत पूल बांधण्याची ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. ते आणखी वर्षभर असते तर हिरोशिमाच्या मुलांचे ते निबंध त्यांच्या हाती पडले असते का, मराठीत आणले असते का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मुलाच्या तोंडून आईची गोष्ट सांगण्याचे बळ त्यांच्याइतके कुणाकडे नव्हते.

युद्धानंतर रत्नागिरी जिल्ह्याच्या कवितेत मूल आले ते वेगळ्या वळणाने. देवगड तालुका तेव्हा रत्नागिरीतच होता. तिथल्या धालवलीत १९१८ मध्ये जन्मलेले विंदा करंदीकर ‘स्वेदगंगा’ घेऊन १९४९ मध्ये कष्टकऱ्यांचे कवी म्हणून आले. साठच्या दशकात त्यांनीच ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’ असे बालकवितांचे संग्रह लिहिले. त्यांतले मूल आज्ञाधारक नाही, हुंदके देत नाही. ते प्राण्यांशी भांडते, उलटे-सुलटे प्रश्न विचारते, अगदी वेडी उत्तरे ऐकून हसते. श्यामच्या शेजारी उभे केले तर हे मूल बेशिस्त दिसेल. पण एक महायुद्ध पाहिलेल्या पिढीने आपल्या मुलांना भीतीऐवजी चेष्टा द्यावी, यात मला विंदांचे मोठेपण दिसते.

जंगी पलटणीतल्या शिपायांचा मुलगा मात्र अजून लिहायचा राहिला आहे. १९४५ मध्ये जी मुले सात-आठ वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या उंबरठ्यावर खेडात, मंडणगडात, संगमेश्वरात, लांज्यात आहेत. काहींच्या घरी वडिलांचे किंवा काकांचे डिस्चार्ज बुक, मेडलची रिबन, आणि जपानी फोटोच्या दुकानाचा शिक्का असलेला एखादा फोटो ट्रंकेच्या तळाशी सापडेल. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे, गावोगाव वाचनालये आहेत, शाळांत हुशार शिक्षक आहेत. ओसादांनी केले ते इथेही करता येईल: शाळेतल्या पोराला वही देऊन आजोबांच्या खाटेशी बसवायचे, आणि पणजोबा जपानहून आले तेव्हा घरात काय बोलले, ते लिहून घ्यायचे.